दुखणें खरें कीं खोटें?

डॉक्टरांनीं तपासून "कांहीं नाहीं" असें सांगितलें, तरी ज्याचें दुखणें हटत नाहीं, त्यास ढोंगी म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

सन १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत अंगावर जखम नसतां कित्येक शिपायांची वाचा गेली, कित्येकांचे पाय लुळे पडले. सन १९१५ त डॉ. चार्ल्स मायर्स यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत या विकारास 'शेल शॉक' म्हटलें. तोफगोळ्यापासून दूर असलेल्यांसही तो जडतो असें दिसून आल्यावर, मूळ भयांत आहे हें पुढें ध्यानांत आलें. हॅरी फार नामक ब्रिटिश शिपाई सन १९१५ त याच विकारानें इस्पितळांत होता. तरी सन १९१६ त त्यास भ्याड ठरवून गोळी घालण्यांत आली. त्यास व इतर ३०० हून अधिक जणांस सरकारनें माफी दिली, ती सन २००६ त!

लबाडीस हेतु लागतो. भयानें छाती धडधडते, तोंडास कोरड पडते. हें कोणी ठरवून करितो काय? तसाच कोंडलेला शोक पाठींत किंवा पोटांत दुखूं लागतो, आणि ती वेदना भोगणारास पुरी खरीच असते.

शरीराची तपासणी आधीं व्हावीच. मनाचें निमित्त करून क्षय किंवा पंडुरोग दृष्टिआड करणें हाही अन्यायच होय. परंतु तपासणी झाल्यावर खाटेजवळ बसावें, आणि दुखणें केव्हांपासून लागलें व त्या सुमारास घरांत काय घडलें, हें विचारावें. आजारी तरुण सून असली, तर ती हें सासूसमोर सांगणार नाहीं. तेथें उपदेशकापेक्षां त्याच्या पत्नीस हें काम अधिक साधतें. तिनें प्रथम सासूबाईंस चहा करावयास पाठवावें.