सीमा आणि शेजारधर्म

कायद्याची सत्ता सीमेपाशी संपते. कर्तव्यही तेथेच संपते काय? प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटला, तरी आम्हां वैदर्भीयांच्या तो रोजच्या व्यवहारातला आहे. नागपुरास लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्याचा मान राखून १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ साली आली. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रिया तीच मागणी घेऊन २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी आल्या. २०१५ साली त्यांना बंदी मिळाली आणि २०२१ साली ती उठविण्यात आली. बंदी निष्फळ ठरली, चोरटा व्यापार माजला, असे कारण देण्यात आले.

हे कारण खोटे नव्हे, पण अपुरे आहे. चंद्रपुराच्या एका अंगास नागपूर, दुसऱ्या अंगास यवतमाळ, दक्षिणेस तेलंगण. तिन्हीकडे दारूची विक्री राजरोस चालते. भोवतालच्या शेतांतून पाणी लोटत असता मधल्या शेतकऱ्यास 'तुझाच बांध कच्चा' म्हणणे कितपत न्याय्य होईल?

शेजाऱ्याचा पक्षही ऐकला पाहिजे. 'तुझ्या व्रतापायी मी माझा व्यवहार का सोडावा?' असे तो विचारील. हा आक्षेप सबळ आहे. आपला उपवास दुसऱ्यावर लादणे हा धर्म नव्हे. परंतु स्वतः उपवास न करणे वेगळे आणि उपवास करणाऱ्याच्या दाराशी दुकान थाटून गल्ला मोजणे वेगळे. मद्यावरील कर राज्यांच्या हाती आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा करातूनही पिण्याचे मद्य वगळलेलेच राहिले. त्यामुळे सीमेवर विकलेल्या बाटलीचा कर एका तिजोरीत पडतो आणि तिचा भोग दुसऱ्या राज्यातील संसारास भोगावा लागतो. जेथे लाभ एकाचा व हानी दुसऱ्याची, तेथे तटस्थतेचा आव आणता येत नाही.

म्हणून शेजाऱ्याकडे बंदी मागावयाची नाही. मागावयाचे ते इतकेच की सीमेलगत नवे परवाने देऊ नयेत, मालाच्या वाहतुकीची खबर परस्परांस द्यावी, नाक्यांवर तपासणी मिळून करावी. राष्ट्राराष्ट्रांतही हे साधले आहे, पण अर्धेच. तंबाखूच्या नियंत्रणासाठी २००३ साली बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार झाला. मद्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेचे २०१० चे धोरण मात्र उपदेशापुरतेच राहिले.

दूरच्या राष्ट्रांस दोष देणे सोपे आहे. वर्धा व चंद्रपूर यांचा शेजारी कोण, हे नकाशात पाहिले म्हणजे आम्हां नागपूरकरांस कळून येईल की या वादात आपण साक्षीदार नसून पक्षकार आहोत.