ठेवायचं कुणी?

मायची तेरवी आटोपली आणि लोधीखेड्याच्या आमच्या घरात बैठक बसली. प्रश्न एकच : दादाला ठेवायचं कुणी? दादाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चालायला आधार लागतो, बोलायला वेळ लागतो. बुद्धी मात्र शाबूत; संत्र्याचा भाव काय निघाला ते त्याला आमच्याआधी कळतं.

धाकटा म्हणाला, नागपूरला नेतो. त्याचं घर तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. मामांनी संस्थेचं नाव काढलं, तशी आत्या रडू लागली, लोक काय म्हणतील! मी नुसताच मान हलवीत होतो. तेवढ्यात ओट्यावरून तुटक आवाज आला, "मले... विचारलं का... कोणी?"

'ठेवणं' आपण भांड्यांना लावतो, गहाण दागिन्यांना लावतो. हिंदीतही तेच, 'इनको कौन रखेगा?' आम्ही दोन भाषांत वाढलेली माणसं. चूकही दोन्हींत केली.

संस्था वाईट आणि घर चांगलं, असं मात्र मला म्हणायचं नाही. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. तिथं राहणं म्हणजे शिकणं, कमावणं. उलट ज्याला कुणी विचारत नाही त्याला स्वतःचं घरही अडगळीची खोली होतं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं पाचवं कलम म्हणतं, अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती अपंगांवर होऊ नये यासाठी सरकारनं झटावं; घरी मदतनीसही मिळावा. कलम चांगलं आहे. आमच्या दारी अजून कोणी आलेलं नाही.

दादाला इथंच राहायचं होतं. पण त्याच्या 'इथंच'ची किंमत कुणी मोजायची? आजवर ती मायनं मोजली. उचलणं, आंघोळ, रात्रीचं उठणं. आम्ही तिला ममता म्हटलं, म्हणून हिशेब कधी मांडावा लागला नाही. तिची कंबर कधी मोडली, तेही आम्हाला कळलं नाही.

आता शेजारचा एक मुलगा सकाळ-संध्याकाळ येतो. पगार आम्ही भावंडं मिळून देतो. पायरीच्या जागी उतार केला, न्हाणीत लोखंडी दांडी बसवली. दांडी किती उंचीवर हवी ते मिस्त्रीला दादानंच सांगितलं. दोनदा काढून पुन्हा बसवायला लावली.

मिस्त्री वैतागला. धाकटा म्हणाला, "दादा, दोन दिवस नागपूरले चाल."

"येतो," दादा म्हणाला, "पहिले... तुह्या जिन्याचं... पाय."