पंचाहत्तर रुपयांचा संन्यास

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात प्रा. एम. हिरियण्णा संस्कृत शिकवत. म्हैसूर विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं दिलेल्या व्याख्यानांतून भारतीय तत्त्वज्ञानाची ओळख करून देणारं इंग्रजी पुस्तक तयार झालं आणि १९३२ साली ते लंडनहून निघालं. निष्काम कर्माचं मर्म त्यात त्यांनी एका विभक्तीच्या फरकात बसवलं आहे. गीतेला कर्माचा त्याग नको आहे, कर्मातला त्याग हवा आहे.

वर्गात हे पटकन पटतं. शिक्षकांच्या खोलीत मात्र अवघड होऊन बसतं. म्हैसूरची कुठलीही शाळा दसऱ्याच्या तोंडावर डोळ्यांपुढे आणावी. सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे टेबलावर पडलेले, कार्यक्रमाच्या तालमी चालू, दोन बाई रजेवर. त्यांचे तास कोण घेणार? एक सर म्हणतात, ‘माझे तास भरलेत.’ हजर असलेल्या एक बाई काही न बोलता वेळापत्रकावर आपलं नाव लिहितात आणि जाता जाता पुटपुटतात, ‘आम्ही काही तास मोजून शिकवत नाही.’ भांडण पेटतं ते या दुसऱ्या वाक्यावर. मुख्याध्यापकांपुढे आलेला प्रश्न आता वेळापत्रकाचा राहिलेला नसतो. जो जास्त सोसतो, त्याचंच म्हणणं खरं का?

मराठी माणसाला या प्रश्नाचा जुना आणि महागडा अनुभव आहे. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी सुरुवातीपासून होते, आगरकर पुढच्या वर्षी आले. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. आजीव सभासदांनी वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवायचं, असा बाणा होता. महिना पंचाहत्तर रुपये हा आकडा पुढे त्या बाण्याची ओळखच बनला.

हा त्याग नेमका किती, यावरून बिनसलं. टिळकांसमोर जेझुइट पाद्र्यांचा आदर्श होता. सभासदाने सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेला द्यावी, बाहेरची मिळकत स्वतःकडे ठेवू नये. आगरकरांच्या बाजूचं म्हणणं असं की, नेमलेलं काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा आहे आणि संसार वाढला की पगारातही थोडी वाढ हवी. त्यात समाजसुधारणेचा वाद मिसळला. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडलं आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ हे स्वतःचं पत्र काढलं. १८९० मध्ये तरुण प्राध्यापक गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. कॉलेज सांभाळून हे काम कसं होणार, हा टिळकांचा आक्षेप होता. संस्थेच्या बैठकीत ठिणगी पडली. त्या वर्षअखेरीस टिळकांनी लांबलचक राजीनामा लिहून संस्थेच्या तत्त्वांचा आणि त्यांपासून ढळण्याचा हिशेब मांडला.

दोन्ही बाजूंना कोणीही आळशी किंवा लोभी नव्हतं. म्हणूनच हे भांडण विचार करण्याजोगं आहे. कामचुकाराला समज देता येते. पण जिथे सगळेच त्यागी, तिथे ‘तुझा त्याग कमी पडतो’ या आरोपाला उत्तर काय द्यायचं?

पुढे मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं. १९१५ मध्ये ते छापून आलं. फर्ग्युसनमध्येच शिकलेल्या आलूर वेंकटरावांनी ते कन्नडमध्ये नेलं. फळाची आस न धरता कर्म करत राहावं, हा त्याचा गाभा. हिरियण्णांचा ‘कर्मातला त्याग’ याच्या फार लांब नाही. पण गीतेतली एक साधी गोष्ट दोन्हींच्या आधी लक्षात घ्यायला हवी. कृष्ण जे सांगतो ते अर्जुनाला, त्याच्या स्वतःच्या आसक्तीबद्दल. शेजारच्या रथातल्या भीमाला राज्याची हाव किती, हे मोजायला तो अर्जुनाला पाठवत नाही. निष्कामता हे व्रत आहे आणि व्रत ज्याने घेतलं त्याच्यापुरतं असतं. त्याचा नियम करून सहकाऱ्यावर लावला की व्रताची छडी होते.

म्हणून म्हैसूरच्या त्या मुख्याध्यापकांनी आधी दोन हिशेब वेगळे करावेत. तास किती, बदली तासाची पाळी कोणाची, जादा कामाची भरपाई कशी, हे एका कागदावर, सर्वांच्या सह्यांनी. त्यापलीकडे जे कोणी स्वखुशीने करेल, त्याचा हिशेब कुठल्याच कागदावर नको. तो बैठकीत उगाळायचा नाही, वार्षिक शेऱ्यातही नाही. बाईंचे आभार मानावेत, पण ते सरांना ऐकवण्यासाठी नव्हेत. आणि सरांचे तास खरोखर भरले असतील, तर ते भरले आहेत हे बाईंसमोर सांगावं.

पुण्यात हा दुसरा हिशेब कोणी बाजूला ठेवला नाही. १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १८९५ च्या जूनमध्ये दम्याने खंगून वारले. वय अडतीस. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तो पुरा करताना त्यांना डोळे पुन्हा पुन्हा पुसावे लागले, असं सांगतात. पगारवाढ मागणाऱ्या आगरकरांच्या उशाशी पैशांची एक पुरचुंडी सापडल्याचंही सांगतात. त्यांच्याच अंत्यविधीच्या खर्चासाठी ठेवलेली.