दादा, तुझी गाठ दाखव

आपल्या घरांत मोठ्या माणसाला ‘नीट केलंत ना?’ असे विचारायची रीत नाही. वडिलांनी कुलूप लावले म्हणजे लागले, काकांनी हिशेब केला म्हणजे तो बरोबर. छत्तीसगडात पिढ्यान्‌पिढ्या राहून आम्हा मराठी घरांचे पुष्कळ बदलले. बोलण्यात छत्तीसगढी शब्द आले, ताटात फरा आणि चीला आले. ही रीत मात्र जशीच्या तशी टिकली. तिच्यामागे आदर आहे, म्हणून मला ती आवडतेही. पण कातळ चढताना ती जीव घेऊ शकते.

रायपूर सपाट मैदानात वसलेले. चढायला खडक हवा तर पश्चिमेला 100 किलोमीटरच्या आसपास डोंगरगडकडे किंवा दक्षिणेला कांकेरकडे जावे लागते. उन्हाळ्यात तिथला दगड हात लावू देत नाही, पावसाळ्यात तो निसरडा होतो. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच खरे दिवस. बस्तरच्या नैना सिंह धाकड 2021 मध्ये एव्हरेस्टवर पोहोचल्या. डोंगराचे वेड पुण्या-मुंबईलाच असते असे आता कुणी म्हणू नये. सुट्टीत हावडा-मुंबई मार्गावरची गाडी पकडून सह्याद्रीत जाणारी मुलेही आहेत. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की इथल्या ग्रॅनाइटवर बुटाचा तळवा जसा धरतो, तसा सह्याद्रीत सगळीकडे धरेलच असे नाही. तिथे दगड सुटा असतो, गवताखाली घसारा असतो. प्रत्येक पकड आधी थापटून बघावी आणि मगच तिच्यावर भार टाकावा. हेल्मेट चढणाऱ्याला हवे तसेच खाली उभ्या असलेल्यालाही हवे, कारण निसटलेला दगड त्याच्याच डोक्यावर येतो.

पण मला सांगायचे आहे ते गाठीविषयी.

लिन हिल ही अमेरिकन प्रस्तरारोहक 1989 साली जगातल्या सर्वोत्तम आरोहकांत गणली जात होती. त्या वर्षी दक्षिण फ्रान्समधल्या एका कड्यावर ती चढायला निघाली. दोर कमरेच्या पट्ट्यांतून म्हणजे हार्नेसमधून ओवला आणि तेवढ्यात बोलण्यात लक्ष गेले. गाठ पुरी करायची राहिली. ती वरपर्यंत चढली, उतरण्यासाठी दोरावर भार टाकला आणि सुमारे 70 फूट खाली कोसळली. एका झाडाने पडण्याचा वेग मोडला म्हणून वाचली. पुढे 1993 मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीतल्या एल कॅपिटन या कड्याची ‘नोज’ ही वाट फक्त हातापायांच्या बळावर चढणारी पहिली व्यक्ती तीच ठरली. दोर होता तो केवळ पडल्यास सावरण्यासाठी. अशा बाईची गाठ कोण तपासणार? तिला गाठ मारता येते की नाही हा प्रश्नच नव्हता. खालून कुणी नुसते ‘दाखव’ म्हटले असते तरी पुरे होते.

टॉड स्किनर या प्रस्तरारोहकाची हकीकत याहून जिव्हारी लागते. 2006 मध्ये योसेमिटीत दोरावरून उतरताना त्यांच्या हार्नेसचा झिजलेला पट्टा तुटला आणि ते गेले. पट्टा झिजल्याचे जोडीदाराने पाहिले होते, बोलूनही दाखवले होते. नवा हार्नेस मागवलेला होता, तो यायचा होता. विचारणे झाले, पण त्या उत्तरावर थांबणे झाले नाही. मला वाटते, विचारणाऱ्याचे काम एवढ्यावर संपत नाही. ‘मग आज चढायचे नाही’ हे म्हणण्याचा अधिकारही त्याला असायला हवा, आणि तो वयावर किंवा अनुभवावर ठरू नये.

म्हणून कातळाला हात लावण्यापूर्वी दोघांनी एकमेकांसमोर उभे राहावे. हार्नेसचे बक्कल, फिगर ऑफ एटची गाठ आणि तिचे पुरेसे लांब शेपूट, कॅराबिनरचा म्हणजे दोराच्या कडीचा स्क्रू, बिलेच्या म्हणजे खालून दोर सांभाळण्याच्या उपकरणात दोर सुलट गेला आहे की नाही, हे डोळ्यांनी बघावे आणि हातानेही चाचपावे. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ आहे ना, हेही बघावे. उतरताना दोर अपुरा पडून टोक निसटल्याने पट्टीचे लोक गेले आहेत. हे सगळे मोठ्याने बोलून करावे, मनातल्या मनात नव्हे. आणि बिले देणाऱ्याचा मोबाइल पिशवीत जावा. कड्यावर माणूस लटकला असताना खालच्याने फोटो काढणे हा मला सरळसरळ विश्वासघात वाटतो.

हेच विचारणे गावातही करावे. कड्यावर आग्या मोहोळ कुठे आहे, ते कशाने उठते हे तिथल्या गुराख्याला ठाऊक असते. कुठली शिळा देवाची आहे हे गावाला ठाऊक असते. डोंगरगडचा डोंगर बम्लेश्वरी देवीचा आहे, तिथे आपण पाहुणे. जंगलाचा भाग असेल तर वनखात्याला आधी विचारावे. कांकेरकडे चारामाच्या परिसरात, तिकडे छत्तीसगडातल्याच रायगढजवळ सिंघनपूर आणि काबरा पहाडला खडकांवर आदिमानवाची चित्रे आहेत. असे चित्र दिसले की तिथे हातांना लावायची खडूची पूड नको, बोल्ट नको, बुटाचे घासणेही नको. एका दुपारच्या चढाईसाठी हजारो वर्षांचा रंग पुसण्याचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

आईवडिलांना आणि गटप्रमुखांना माझी एक विनंती आहे. पहिल्या दिवशी प्रमुखाने स्वतःची गाठ गटातल्या सर्वांत लहान मुलाकडून तपासून घ्यावी, सगळ्यांसमोर. त्याने चूक काढली तर ती तिथल्या तिथे सुधारावी, हसण्यावारी नेऊ नये. आणि ज्या गटात धाकट्याने ‘दादा, गाठ दाखव’ म्हटलेले कुणाला खपत नाही, त्या गटाबरोबर आपली मुले पाठवू नका.