विंचवाचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो त्याची मनातून जराशी कीवच करतो. पाल ठोकून राहणारा घिसाडी, बदलीवर बदली सोसणारा बँकेचा नोकर, ही त्या म्हणीची जुनी गिऱ्हाइकं. पण काळ असा उलटला आहे की तेच बिऱ्हाड पाठीवर घ्यायला लोक पैसे मोजतात. त्याला कॅराव्हॅन म्हणतात. म्हणजे एक मोटार. तिच्यात पलंग, ओटा, फ्रीज आणि, बेअदबी माफ, संडाससुद्धा. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली या चाकांवरच्या घरांसाठी रीतसर धोरणही काढलं. सरकारी धोरणाला चाकं लागली, हीदेखील प्रगतीच म्हणायची.

हे धोरण आमच्या शाखेत मधल्या सुट्टीत पोचलं आणि चौथ्या शनिवारी बोरला जायचं ठरलं. बोर हे नदीचं नाव आहे, सहलीचं वर्णन नव्हे. सेलूहून हिंगणीवरून गेलं की धरण लागतं आणि पाण्यापलीकडे सागाबांबूचं जंगल. ते १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे गाभ्याच्या मापाने देशातल्या लहानात लहान व्याघ्रप्रकल्पांत गणना. वाघ मात्र पूर्ण मापाचे आहेत. तेव्हा जंगलाबाहेर, परवानगी मिळेल तिथे नदीच्या अंगाला गाडी लावायची आणि एक रात्र मुक्काम करायचा, असा बेत.

यादी करायचं काम माझ्याकडे आलं. बी.कॉम. झालेल्या माणसाला या देशात एवढं एक काम हमखास मिळतं. तीन दिवसांत यादी ६३ कलमांची झाली. पुडाच्या वड्या तळायला कढई, भाताला गंज, चटणीला मिक्सर. हेडकॅशियरसाहेबांना कढत पाण्याशिवाय आंघोळ चालत नाही, म्हणून बंब. 'घरच्यासारखं वाटलं पाहिजे' हे सगळ्यांचं एकमत.

यादी मी घरी वाचून दाखवली. बायको मेथी निवडत होती. तिने ६३ कलमं शांतपणे ऐकून घेतली. (हे लक्षण बरं नसतं.)

"अहो, त्या गाडीत ओटा आहे म्हणता ना?"

"आहे तर! दोन बर्नरची शेगडी आहे!"

"मग मी जाणार आहे कुठे?"

एवढं बोलून ती मेथी घेऊन आत गेली आणि मी यादीकडे बघत बसलो. माणूस घराबाहेर पडतो म्हणजे नेमका कशातून बाहेर पडतो? भिंतींतून, की कामातून? मी माझं काउंटर मागे टाकून निघणार. ती ओट्यासकट निघणार. एकाच गाडीतून एक जण सहलीला जाणार आणि दुसऱ्याची नुसती बदली होणार, तीही प्रवासभत्त्याशिवाय!

लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली दुहेरी नोंदीची पद्धत पुस्तकात छापली. तिचं सार एवढंच की, एका खात्यात आलं ते दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून गेलेलं असतं. घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याच्या जमा करा. पाचशे वर्षांत हे सगळ्या व्यापाराला पटलं, संसाराला अजून पटायचं आहे. घरातला आराम हा आकाशातून पडतो आणि त्याला दुसरी नोंद नसते, असं निम्म्या माणसांचं प्रामाणिक मत असतं.

आमच्या तालुक्यातलं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं इकडे मानतात. तिथल्या बकासुराला गावाने गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा हाकणारा माणूस पाठवायचा असा करार होता. ही गोष्ट सांगताना आपण भीमाच्या खाण्यावरच रमतो. पण बकासुराची सोय बघा, राजेहो! ताजं जेवण जंगलात घरपोच. त्रास एकच, आणणारा परत जात नसे. म्हणून सोय कशी होती हे जेवणाऱ्याला विचारू नये, गाडा हाकणाऱ्याला विचारावं.

गांधीजी सेवाग्रामला १९३६ साली आले. त्याआधी दांडीयात्रेत, २९ मार्च १९३० रोजी, भाटगामला त्यांनी आपल्या माणसांची आणि स्वतःचीही झाडाझडती घेतली होती. कारण काय, तर रात्रीच्या वाटचालीत एका मजुराच्या डोक्यावर जड दिवा दिला होता आणि त्याला भरभर चालायला लावलं जात होतं. उजेड सगळ्यांना, भार एकाला. गरिबाच्या मिठावरचा कर उठवायला निघालेल्या यात्रेत हे चालत असेल, तर आमच्या ६३ कलमांची काय कथा!

"मग काय, सहलीला हात हलवत जायचं?" हेडकॅशियरसाहेब म्हणाले. त्यांचा मुद्दा खोटा नाही. माझी आई ७६ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही, आणि म्हणून नदीकाठी मुक्कामाचा विषय निघाला की ती आपणहून 'मी घर राखते' म्हणते. तिच्या बाबतीत गाडीतला संडास ही चैन नाही, तो तिचा नदीपर्यंतचा रस्ता आहे. पण त्याचीही टाकी भरते. ती कुठे रिकामी होणार, कोण करणार, त्याला काय मिळणार, आणि रात्रीच्या अंधारात ती बोर नदीतच जाणार नाही ना, हे विचारल्याशिवाय आईचं सुखसुद्धा घेता येत नाही.

शेवटी मी यादीला दुसरा रकाना पाडला. डावीकडे वस्तू, उजवीकडे 'कोण उचलणार, कोण रांधणार, कोण घासणार'. आणि ज्याचं नाव, त्याची सही. बँकेतला माणूस कशाला भीत नसला तरी सहीला भितो. बंबापुढे स्वतःचं नाव दिसताच हेडकॅशियरसाहेबांना थंड पाण्याचे आरोग्याला होणारे फायदे आठवले. मिक्सर मिनिटभरात गेला. वड्यांपुढे कुणी पेन उघडेना. पोह्यांपुढे मी सही केली. टाकी ठरल्या जागी रिकामी करण्याचे जादा पैसे माझ्या नावे लिहिले.

बायकोचं नाव एकाही ओळीत नव्हतं. तिने यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि पेन मागून घेतलं.

"चहा मी करीन. तुमच्या हातचा चहा प्यायची पाळी आली तर वाघ जंगल सोडून जाईल."

तिने सही केली. ६३ कलमांची १९ उरली आहेत आणि आई घर राखण्याचं काही बोललेली नाही. विंचवाची कीव करणं मात्र आम्ही सोडलं आहे. त्याचं बिऱ्हाड निदान त्याच्या स्वतःच्या पाठीवर असतं.