नेमाची वेळ

२०२५च्या जानेवारीत प्रयागराजच्या महाकुंभात आयआयटी मुंबईत शिकलेला एक तरुण साधूच्या वेशात दिसला आणि वाहिन्यांवर त्याचीच चर्चा सुरू झाली. तेव्हापासून एक सल्ला फार ऐकू येतो: आधी शिक्षणाचं चीज करा, नोकरीत जम बसवा, अध्यात्म काय, पुढे आहेच. सल्ला देणारे हमखास आश्रमव्यवस्थेचा दाखला देतात. आधी ब्रह्मचर्य, मग गृहस्थाश्रम आणि आत्मज्ञानाची पाळी केस पिकल्यावर. हा सल्ला मला मान्य नाही आणि त्यासाठी परंपरेचा आधार घेणं तर मुळीच मान्य नाही. आपस्तंब, गौतम यांच्या जुन्या धर्मसूत्रांत चार आश्रम एकामागून एक चढायच्या पायऱ्या म्हणून येत नाहीत. वेदाध्ययन पुरं केलेल्या तरुणापुढचे ते पर्याय आहेत. यातला कोणता श्रेष्ठ यावर तिथे वादही आहे आणि गौतमाचा कल गृहस्थाकडे आहे. त्यांच्या पायऱ्या झाल्या त्या नंतर, मनुस्मृतीच्या काळापर्यंत. जाबालोपनिषद तर क्रम सांगतं आणि लगेच म्हणतं की ज्या दिवशी विरक्ती येईल त्याच दिवशी निघावं. म्हणजे जगायचं कशासाठी हा प्रश्न तेव्हाही ऐन तरुणपणीच सोडवायचा होता. तो पेन्शनीवर ढकलायची सोय आपण मागाहून करून घेतली.

याचा अर्थ नोकरी सोडून गंगेकाठी जावं असा नाही. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांपासून चालत आलेली इंचगिरी परंपरा मला या बाबतीत फार मोलाची वाटते. तिथे संसार सोडायला सांगत नाहीत. ठरल्या वेळी, न चुकता, ‘नेमाला बसायला’ सांगतात. नेम म्हणजे आसन घालून शांतपणे केलेलं नामस्मरण. बाकीचा दिवस आपापल्या धंद्याचा. या परंपरेतले सिद्धरामेश्वर महाराज तरुणपणी विजापुरात एका पेढीवर हिशेब लिहीत. त्यांचे शिष्य मारुती कांबळी, म्हणजे पुढचे निसर्गदत्त महाराज, कांदळगावातून मुंबईत आले, थोडा काळ कारकुनी केली, मग स्वतःचं दुकान थाटलं. विड्या विकता विकता एकाची आठ छोटी दुकानं झाली. १९३३मध्ये गुरूंची गाठ पडली. ‘मी आहे’ एवढ्या जाणिवेला धरून राहा, हा उपदेश मिळाला. कांबळींनी दुकान बंद केलं नाही. गिऱ्हाइकी सांभाळून जो वेळ उरेल तो सगळा तिथे लावला. खेतवाडीतल्या घरात उंच छताखाली त्यांनी माळा काढला होता. पुढे परदेशातून आलेली माणसं जिना चढून तिथेच बसत, महाराज बोलत आणि बोलता बोलता विडी ओढत. समतोल हा शब्द इथे लावताच येत नाही. तराजूच्या दोन पारड्यांत दोन वेगळे जिन्नस लागतात. इथे दुकानदारी करणाराच ‘दुकान चालवणारा हा कोण’ हे पाहत होता.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा की भेट झाली तेव्हा कांबळी छत्तीस वर्षांचे होते, धंद्यात मुरलेले. चोवीस वर्षांच्या मुलीला, जिची पहिली नोकरी अजून कायम झालेली नाही, त्यांचं उदाहरण कसं लागू पडावं? दुसरा जास्त जड आहे. १९३६मध्ये गुरू गेले आणि पुढच्याच वर्षी कांबळी घर, बायको-मुलं, धंदा सारं टाकून निघून गेले होते. काही महिन्यांनी परतले तेव्हा एकच दुकान शिल्लक होतं. ती झळ घरातल्या माणसांनी सोसली आणि तिचा हिशेब कुणी मांडलेला नाही. हे नजरेआड करून ‘संसारात राहूनही साधतं’ असं म्हणत राहणं मला पटत नाही. म्हणून माझं म्हणणं मी थोडं बदलतो. काम आणि साधना एकत्र नांदतात, पण वाढीची हाव आणि साधना नांदत नाहीत. पहिल्या आक्षेपाला उत्तर त्याच परंपरेत आहे. गुरुदेव रानडे यांनी १९०१ साली, शाळकरी वयातच, भाऊसाहेबांचा अनुग्रह घेतला. फर्ग्युसनमधली प्राध्यापकी, अलाहाबाद विद्यापीठातलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन, तिथलं कुलगुरुपद हे सगळं त्यानंतरचं. त्यांच्या आयुष्यात नेम आधी आला आणि करिअर त्याभोवती उभं राहिलं.

आज हे अवघड झालं असेल तर त्याचं कारण तरुणांच्या चंचल मनात शोधू नये. ऑक्टोबर २०२३मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ४९ वजा करा. कल्याणहून लोकलने रोज तीन तास धरले तर सहा दिवसांचे १८. जेवणखाण, आंघोळ, धुणं, बाजार यांना दिवसाला तीन, म्हणजे २१. उरले दहा. त्यात आई-वडील, मित्र, आजारपण, पुस्तक. ध्यानाची शिबिरं घेणाऱ्या कंपन्या या दहा तासांबद्दल बोलत नाहीत, कारण ते ध्यान पुन्हा कामासाठीच ताजंतवानं करायला असतं. मला वाटतं, पहिली नोकरी धरताना पगाराइतक्याच ठामपणे सुटायची वेळ विचारावी, आणि दहा हजार कमी देणारी पण सहाला सोडणारी जागा घ्यावी. घरावर कर्ज असेल, धाकट्याचं शिक्षण चालू असेल, त्यांना ही निवड मोकळी नाही, हे मी जाणतो. पण ज्यांना ती आहे, असे पुष्कळ जण ती करायला घाबरतात. कांबळींच्या बाबतीत मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती १९३८ नंतरची गोष्ट. मुंबईत त्यांची ओळख होती, धंद्याची नस माहीत होती, वय चाळिशीचं होतं. गेलेली सात दुकानं त्यांनी पुन्हा उभी केली नाहीत. उरलेल्या एका दुकानावर घर चाललं.