पहिल्या वर्षाचा आवाज

मुलं बाहेर खेळताहेत तोवर बोलून घेते. त्यांच्यादेखत त्यांच्या आईवडिलांना बोलणं मला पटत नाही, आणि आज मी बोलणार आहे. शाळेत आपण इंग्रजीतून गोड बोलतो आणि एकमेकांचा निरोप घेतो. इथे मंडळाच्या हॉलमध्ये सगळी आपलीच माणसं आहेत, तेव्हा आडपडदा ठेवत नाही.

दर आठवड्याला तुमच्या मुलांच्या दप्तरात रियाजाचं पत्रक येतं. रोज किती मिनिटं वाजवलं ते मुलानं लिहायचं, खाली पालकांनी सही करायची. गेल्या आठवड्याची पत्रकं मी नीट पाहिली. सोमवारी 20 मिनिटं, मंगळवारी 20, बुधवारी 20. सगळे आकडे एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेले, आणि खाली तुमची सही. मग मी व्हायोलिनची केस उघडून बघितली. राळेची वडी नवी कोरी, तिच्यावर साधा चरा नाही. ज्या गजाला राळ लागलेलीच नाही त्यातून आवाज येत नाही, हे मी पहिल्या दिवशी मुलांना दाखवलं होतं आणि तुम्हाला लिहून कळवलंही होतं. मग रोज 20 मिनिटं काय वाजवलं?

नऊ वर्षांच्या मुलाला यातून तुम्ही काय शिकवलंत ते सांगते. काम न करता काम केल्याची सही मिळते, आणि ती सही घरातलं मोठं माणूस देतं. कोणी विसरलं, कोणी आजारी पडलं, कोणाकडे पाहुणे आले, हे सगळं मी समजून घेते. शून्य लिहा, मी एका शब्दानं बोलणार नाही. खोटे 20 मात्र मी चालवून घेणार नाही.

रियाज का होत नाही, याचं कारणही मला माहीत आहे, कारण तुम्हीच येऊन सांगता. ‘मॅडम, फार कर्कश वाजवतो हो. जरा बरं वाजवायला लागला की ऐकू.’ कोणी मुलीला तळघरात पाठवतं, कोणी दार लावून घ्यायला सांगतं. एका घरात तर बाबांची ऑफिसची मीटिंग चालू असते म्हणून मुलगी गज न लावता नुसती तारा छेडत बसते. अहो, गज ओढायला शिकायचं हेच तर तिचं या वर्षाचं काम आहे!

तो आवाज कर्कश का येतो, हे कधी विचारलंत? राळ लागलेला गज तारेला पकडतो, थोडं ओढतो, सोडतो, पुन्हा पकडतो. मोकळी ए तार वाजते तेव्हा हे एका सेकंदात 440 वेळा घडतं. गजावर भार जास्त आणि वेग कमी झाला की तार खरखरते. भार कमी आणि वेग जास्त झाला की ती शीळ घालते. गज ब्रिजपासून घसरत फिंगरबोर्डवर गेला की आवाज विरून जातो. भार, वेग आणि जागा या तिन्ही गोष्टी एका हातानं एकाच वेळी सांभाळायच्या, तेही अंगठा वाकवून आणि करंगळी गोल करून काठीवर टेकवून. त्या वयात करंगळीत जोर तरी किती असतो? म्हणून सुरुवातीचे आठवडे मी मुलांना पेन्सिल धरायला लावते. तुम्ही ते घरी पाहता आणि मला ईमेल करता, की अजून वाद्य सुरू का झालं नाही. सुरू झालेलं असतं. तेच पहिलं काम असतं.

डाव्या हाताचं तर आणखी कठीण. पियानोची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. गिटारला आडवे पडदे असतात. व्हायोलिनला यातलं काही नाही. बोट एक-दोन मिलिमीटर सरकलं की सूर सुटला. मी फिंगरबोर्डवर ज्या टेप लावते त्या फक्त बोटाला रस्ता दाखवायला. सूर कानानंच लावायचा असतो, आणि कान चुकीचे सूर ऐकूनच तयार होतो. हा चुकीचा, हा जवळ आला, हा लागला, असा. तुम्ही दार लावून घेता तेव्हा मुलाला काय कळतं? माझ्या आवाजाची घरात लाज वाटते, एवढंच कळतं. मग तो गज तारेवर टेकवायलाच घाबरतो, हलक्या हातानं वाजवतो, आणि आणखी वाईट वाजतं. वर्गात अशी मुलं मी लांबून ओळखते. त्यांचा खांदा कानाला लागलेला असतो.

आता वाद्याबद्दल. इंटरनेटवरून मागवलेली गुलाबी आणि निळी व्हायोलिनं यापुढे माझ्या वर्गात आणू नका. हे सांगताना मला बरं वाटत नाही, कारण तुम्ही ती मुलाच्या हौसेनं आणता. पण त्यातल्या बहुतेकांचा ब्रिज नीट कापलेला नसतो, त्यामुळे तारा फिंगरबोर्डपासून फार उंच राहतात. कोवळ्या बोटांना त्या दाबता येत नाहीत, बोटं दुखतात. खुंट्या टिकत नाहीत, मी सूर लावून दिला की दोन मिनिटांत उतरतो. आणि मुलाला वाटतं, दोष माझाच. दुकानातून महिन्याच्या भाड्यानं वाद्य घ्या. ते व्यवस्थित जुळवलेलं असतं, आणि मूल वाढलं की मोठ्या मापाचं बदलून मिळतं.

मापाचा तुमचा हट्टही सोडा. अर्ध्या मापाचं लागणाऱ्या मुलीला पाऊण मापाचं आणता, पुढच्या वर्षी बसेल म्हणून. वाढत्या अंगाचा फ्रॉक बाह्या दुमडून घालता येतो, व्हायोलिनच्या बाह्या दुमडता येत नाहीत. डावा हात समोर लांब करून वाद्याचं डोकं तळव्यात येतं का आणि बोटं त्याभोवती सहज वळतात का, हे पाहायचं. नाही वळली तर ते माप तिचं नाही. मोठ्या वाद्यावर तिचं मनगट आत कोसळतं, आणि एकदा लागलेली ती सवय मोडायला फार वेळ जातो.

केस रात्रभर गाडीत ठेवू नका. इथल्या जानेवारीत हीटरच्या झडपेपाशीही ठेवू नका. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंट्या निसटतात, सांधे उघडतात. ब्रिज चिकटवलेला नसतो, तो फक्त तारांच्या ताणानं उभा असतो. म्हणून सूर उतरला तर खुंटी पिळू नका, विशेषतः बाबांनी. मागचे छोटे फाइन ट्यूनर फिरवा, नाही जमलं तर माझ्याकडे पाठवा. वाजवून झालं की गज सैल करा. त्याच्या केसांना बोट लावू नका. आणि रविवारी डाव्या हाताची नखं कापा. वाढलेल्या नखानं बोट तारेवर उभं राहत नाही, आणि ही गोष्ट मला दर आठवड्याला सांगावी लागू नये.

व्हायोला मिळाला म्हणून दोघा-तिघा घरांत रडारड झाली, आणि रडलं मूल नाही. त्याला तो खोल आवाज आवडला होता. आईनं विचारलं, ‘व्हायोलिन का नाही? हिच्यात काही कमी आहे का?’ संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक प्रागच्या नाट्यगृहाच्या ऑर्केस्ट्रात कित्येक वर्षं व्हायोला वाजवत बसला. पुढे तोच 1892 मध्ये न्यूयॉर्कला आला, आणि त्याची नववी सिंफनी कार्नेगी हॉलमध्ये 1893 मध्ये पहिल्यांदा वाजली. मधले सूर ज्याच्या कानात असतात त्याला सगळा ऑर्केस्ट्रा ऐकू येतो. मुलाला ज्या वाद्यानं ओढलं ते त्याला वाजवू द्या.

आजोबा-आजींबद्दलही बोलते, आदरानं. काही घरांत आजोबा उन्हाळ्यात येतात आणि नातवाला मांडी घालून बसवतात, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवायला लावतात. ती पद्धत खोटी नाही. व्ही. जी. जोग, गजाननबुवा जोशी यांनी व्हायोलिन आपल्या रागसंगीतात रुजवलं. या बैठकीत वाद्याचा भार छाती आणि पाय घेतात, म्हणून डावा हात मींडेसाठी मोकळा राहतो. पण ऑर्केस्ट्रात मूल खुर्चीवर बसतं किंवा उभं राहतं, आणि वाद्य खांद्यावर असतं. पहिल्या वर्षात एकाच शरीराला दोन बैठका शिकवू नका. आजोबांना सांगा, त्याला जोगसाहेब ऐकवा. रोज ऐकवा. तेवढं पुष्कळ आहे.

‘आम्हाला यातलं काही कळत नाही’ ही सबब मी ऐकून घेणार नाही. शिनिची सुझुकींनी जपानमध्ये लहान मुलांना व्हायोलिन शिकवायची जी पद्धत बसवली, तिच्यात आई किंवा वडील तासाला सोबत बसतात, टिपणं काढतात, घरी रियाज घेतात. 1964 मध्ये ते आपल्या छोट्या विद्यार्थ्यांना घेऊन अमेरिकेत आले, तेव्हा इथले संगीतशिक्षक थक्क झाले होते. त्या मुलांचे आईबाप काही संगीतकार नव्हते. त्यांनी रोज वेळ दिला. मूल घरी भाषा ऐकून बोलायला शिकतं तसंच संगीतही शिकतं, असं सुझुकी मानत. तुमच्या घरात मुलाशी मराठी बोलायचा आग्रह धरता ना? मग त्याच घरात रोज दहा मिनिटं समोर बसून त्याची डी मेजरचं सप्तक ऐकायला काय हरकत आहे? सूर कळायची गरज नाही. तुम्ही फोन खाली ठेवून बसलात, हे त्याला कळतं.

यात परीक्षा कधी असते, हेही मला सारखं विचारलं जातं. तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या आहेत, प्रारंभिक, प्रवेशिका, सगळं माहीत आहे. इथे चौथीत परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. इथे ऑर्केस्ट्रा आहे. हेच तुम्हाला अजून समजलेलं नाही असं मला वाटतं. तुमच्या मुलीची प्रगती हा फक्त तुमच्या घरचा मामला नाही. शनिवारच्या गणिताच्या क्लाससाठी एक चेलो मैफिलीला आला नाही, तर खालचा सूर पातळ होतो आणि वर वाजवणाऱ्या सगळ्यांचा आधार जातो. हिवाळ्याच्या मैफिलीत चौथीचं वाजवून झालं आणि तुमच्यापैकी कितीतरी जण कोट चढवून उठलात. मागे पाचवीची मुलं स्टेजवर येत होती. त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. ज्या मुलांसारखं आपल्या मुलानं पुढच्या वर्षी वाजवावं असं तुम्हाला वाटतं, ती हीच मुलं.

आणि सोडून देणं. दर वर्षी जूनमध्ये भाड्याची वाद्यं परत जातात. पाचवी संपली, मिडल स्कूल सुरू होणार, अभ्यास वाढणार, म्हणून. जेमतेम सूर लागू लागतो, आता गजाला लांबी येणार, तिसऱ्या पोझिशनकडे जायची वेळ येणार, तेवढ्यात केस बंद. पहिलं वर्ष जे सोसायचं ते मुलानं सोसलं, फळाच्या वेळी तुम्ही झाड तोडलंत.

सरकारी शाळेत हे शिक्षण आपोआप मिळतं असं समजू नका. इंग्लंडमधल्या मेडस्टनला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळेच्या वर्गात एकत्र व्हायोलिन शिकवायला सुरुवात झाली, खाजगी शिक्षक न परवडणाऱ्या मुलांसाठी. ते पाहून आलेल्या अल्बर्ट मिचेल यांनी 1911 च्या सुमाराला बॉस्टनच्या शाळांत तसे वर्ग सुरू केले. तिथून हे सगळं आपल्यापर्यंत आलं, आणि ते काढून घेतलंही जाऊ शकतं. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये रॉबर्टा ग्वास्पारी यांच्या व्हायोलिनच्या वर्गाला एवढी मागणी होती की मुलं चिठ्ठ्या टाकून निवडावी लागत. 1991 मध्ये बजेट कापलं गेलं आणि ते वर्ग बंद पडायची वेळ आली. ते टिकावेत म्हणून 1993 मध्ये व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न आणि इट्झाक पर्लमन त्या मुलांसोबत कार्नेगी हॉलमध्ये उभे राहिले. आमच्या वर्गात कोणाला चिठ्ठी टाकावी लागत नाही. हात वर केला की जागा मिळते. आपल्या डिस्ट्रिक्टचं बजेट ठरतं तेव्हा बोर्ड पहिल्यांदा विचारतं, की चौथीत किती मुलं होती आणि सहावीत किती उरली.

तेव्हा या वर्षी जूनमध्ये ज्यांना वाद्य परत करायचं आहे, त्यांनी मला ईमेल पाठवू नये. मुलाला घेऊन शाळेत यावं. कारण मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे, तुम्ही शेजारी गप्प बसायचं. तो खरंच नको म्हणाला तर मी स्वतः केस उचलून गाडीपर्यंत आणून देईन.